मुहम्मद बिन तुघलक: राजधानी दिल्लीला परतली, कागद मात्र मराठवाड्यात राहिला

दिल्लीच्या तख्तावर १३५१ साली फिरोजशहा तुघलक बसला. पुढे त्याने एक वेगळंच काम हाती घेतलं. आधीच्या सुलतानाने ज्यांना ठार केलं होतं किंवा ज्यांचे हात, पाय, नाक, डोळे काढले होते, त्यांच्या वारसांना त्याने शोधून काढलं. त्यांना पैसे दिले. मेलेल्या सुलतानाला आपण माफ केलं आहे, असं साक्षीदारांसमोर त्यांच्याकडून लिहून घेतलं. हे सगळे कागद एका पेटीत भरले आणि ती पेटी त्या सुलतानाच्या कबरीच्या उशाशी ठेवून दिली. वर गेल्यावर हिशेब द्यायची वेळ आलीच तर पुरावा हाताशी असावा, हा हेतू.

ज्याच्यासाठी ही पेटी भरली गेली तो म्हणजे मुहम्मद बिन तुघलक. सरकारने रात्रीत एखादा निर्णय घेतला आणि सकाळी फिरवला की आजही मराठी वर्तमानपत्रं त्याला ‘तुघलकी कारभार’ म्हणतात. दिल्लीची राजधानी देवगिरीला नेणारा आणि परत दिल्लीला आणणारा, तांब्यापितळेची नाणी चांदीच्या भावाने चालवू पाहणारा हा सुलतान शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात येतो आणि त्या परिच्छेदातच संपतो.

त्याच्या त्या फसलेल्या राजधानीतून एक गोष्ट मात्र मागे उरली. दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढलं की खुलताबादच्या अलीकडे कागझीपुरा नावाचं छोटं गाव लागतं. तुघलकाबरोबर दिल्लीहून आलेले कागद बनवणारे कारागीर इथे वसले, असं गावची परंपरा सांगते. सुलतान परत गेला, कागझी राहिले. जवळजवळ सातशे वर्षांनीही गावाचं नाव त्या कामावरूनच आहे.

जौनाखान ते सुलतान

त्याचं मूळ नाव जौनाखान. बाप गाझी मलिक हा पंजाबच्या सरहद्दीवर मंगोलांशी लढून नाव कमावलेला सरदार. १३२० मध्ये तो घियासुद्दीन तुघलक या नावाने सुलतान झाला आणि जौनाखान ‘उलुघखान’ या किताबासह युवराज. बापाने त्याला दक्षिणेत वरंगळवर पाठवलं. पहिली मोहीम फसली. १३२३ मध्ये दुसऱ्या मोहिमेत काकतीयांचा राजा प्रतापरुद्र हाती लागला. या काळात दख्खनच्या वाटा, देवगिरीचा डोंगर आणि इथला मुलूख त्याने चांगला पाहून घेतला होता.

१३२५ मध्ये बाप बंगालच्या मोहिमेवरून परतत होता. दिल्लीजवळ अफगाणपूर इथे त्याच्या स्वागतासाठी लाकडी मंडप उभारला होता. तो कोसळला आणि सुलतान त्याखाली दबून मेला. इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने यात मुलाचा हात असल्याचा संशय नोंदवला आहे. दरबारी इतिहासकार झियाउद्दीन बरनी मात्र वीज पडल्याचं सांगतो. खरं काय ते त्या मंडपाखालीच गेलं.

नवा सुलतान अडाणी किंवा माथेफिरू नव्हता, हे त्याच्या शत्रूंनीही मान्य केलं आहे. फारसी आणि अरबी त्याला उत्तम येत होती. तर्कशास्त्र, वैद्यक, ज्योतिष, गणित यांत त्याला गती होती. पंडितांशी तो तासन् तास वाद घालत बसे. आणि त्याचं अक्षर फार सुंदर होतं. पत्रलेखनात भलेभले मुन्शी त्याच्यापुढे फिके पडत, असं त्याच्यावर सडकून टीका करणारा बरनीच लिहून गेला आहे.

दुसरी बाजू तितकीच खरी. इब्न बतूताने त्याच्या दारातलं चित्र उभं केलं आहे: एखादा गरीब श्रीमंत होऊन बाहेर पडतोय आणि शेजारीच कुणाचं तरी प्रेत पडलंय. देणग्या आणि देहदंड, दोन्हींत या सुलतानाचा हात सैल होता.

देवगिरीच का?

देवगिरी ही यादवांची राजधानी. आजचा हिंगोली जिल्हाही त्याच राज्यात होता. औंढा नागनाथचं मंदिर आजही त्या यादवकाळाची आठवण करून देतं. औंढ्यापासून फार लांब नसलेल्या नरसी या गावी, परंपरेनुसार १२७० मध्ये, नामदेवांचा जन्म झाला.

नामदेवांच्या आयुष्यावर नजर टाकली तर त्या पिढीने काय काय पाहिलं ते कळतं. ते पंचविशीत असताना, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरायाकडून अमाप संपत्ती घेऊन गेला. ते पन्नाशीकडे झुकले तेव्हा यादवांचं राज्य कायमचं बुडालं. आणि साठीच्या जवळ आले तेव्हा देवगिरी अख्ख्या सल्तनतीची राजधानी झाली होती. त्यांचं निधन १३५० चं मानलं जातं, तुघलकाचं १३५१ चं. हिंगोलीचा संत आणि दिल्लीचा सुलतान अगदी एका काळातले.

या दोघांची गाठ पडल्याची कथाही आहे. सुलतानाने नामदेवांना पकडून मेलेली गाय जिवंत करायला सांगितली, असा प्रसंग गुरू ग्रंथ साहिबातल्या नामदेवांच्या एका पदात येतो. पदात सुलतानाचं नाव नाही. पण काळ जुळतो म्हणून हा सुलतान मुहम्मद बिन तुघलकच असावा, असं अनेक अभ्यासकांनी मांडलं आहे.

राजधानी हलवण्यामागे हिशेब होता. तुघलकाचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने दख्खनमध्ये सागर इथे बंड केलं. ते मोडताना सुलतानाच्या लक्षात आलं की दिल्लीत बसून दक्षिण सांभाळता येत नाही. उत्तर आणि दक्षिण दोन्हींना सारखीच जवळ पडेल अशी जागा त्याला हवी होती. १३२७ मध्ये देवगिरीचं नाव दौलताबाद झालं आणि दिल्लीकरांना निघायचा हुकूम सुटला.

इथे दंतकथा बाजूला ठेवायला हवी. अख्खी दिल्ली ओस पडली, एका पांगळ्याला फरफटत नेलं आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोचला, असं इब्न बतूता सांगतो. पण तो दिल्लीला आला तो या घटनेनंतर पाच-सहा वर्षांनी. ही त्याने ऐकलेली गोष्ट आहे. १३२७ आणि १३२८ या सालांचे दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख तिथलं रोजचं जगणं चालू असल्याचं दाखवतात. अलीकडच्या इतिहासकारांच्या मते हलवले गेले ते मुख्यतः वरचे लोक: सरदार, उलेमा, सूफी, दप्तरातले कारकून आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले कारागीर. वाटेत झाडं लावली होती, मुक्कामाच्या जागा केल्या होती, सोडलेल्या घरांचे पैसेही दिले होते. तरीही चाळीस दिवसांच्या त्या वाटेवर कित्येकांचे हाल झाले आणि कित्येक मेले. आपलं गाव सोडायला लावलेल्या माणसाला वाटेवरच्या सावलीचं कौतुक नसतं.

दप्तर आलं म्हणजे कागद आला

राजधानी म्हणजे फक्त राजवाडा आणि फौज नव्हे. फर्मानं, सनदा, जमाखर्च, सरदारांच्या पगाराच्या नोंदी, काझींचे निवाडे, सुभ्यांना जाणारी पत्रं, हे सगळं दप्तरही आलं. तुघलकाच्या टपालाचं इब्न बतूताने मोठं कौतुक केलं आहे. घोडेस्वारांचे टप्पे वेगळे आणि पायी धावणाऱ्या जासुदांचे वेगळे. जासुदाच्या काठीला घुंगरू लावलेले, म्हणजे पुढच्या टप्प्यावरचा माणूस आवाज ऐकूनच तयार होई. या माणसांच्या हातात असायचं काय? कागदच.

दमास्कसमधला लेखक अल-उमरी याने प्रवाशांच्या तोंडून ऐकून दौलताबादचं वर्णन केलं आहे. शहराचे मोहल्ले वर्गवार पाडले होते: फौजेचा वेगळा, वजीर आणि कारकुनांचा वेगळा, काझी आणि विद्वानांचा वेगळा, फकिरांचा वेगळा, व्यापारी आणि कारागिरांचा वेगळा. ज्या शहरात कारकुनांना स्वतंत्र मोहल्ला लागतो, तिथे कागद किती लागत असेल याचा अंदाज करता येतो.

शिवाय सूफी आले होते. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादला आले आणि १३३७ मध्ये वारले. त्यांची कबर खुलताबादला आहे. निजामुद्दीनांची संभाषणं लिहून ठेवणारा कवी अमीर हसन सिज्झी हाही इथेच आला आणि इथेच वारला. गुरू बोलतात आणि शिष्य लिहून घेतात, ही पद्धत या मंडळींनी दख्खनमध्ये आणली. बुऱ्हानुद्दीनांच्या संभाषणांचेही ग्रंथ त्यांच्या शिष्यांनी केले. एका बाजूला सुलतानाचं दप्तर, दुसऱ्या बाजूला खुलताबादचे सूफी, आणि या दोघांच्या मधोमध कागझीपुरा. नकाशा समोर ठेवला तर कागद बनवणारे नेमके तिथेच का वसले, हे वेगळं सांगायची गरज पडत नाही.

भारतातला पहिला कागद आमच्याकडे झाला, असंही कागझीपुऱ्यात अभिमानाने सांगतात. ते तसं खरं नाही. चीनमध्ये इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला राजदरबारी पोचलेली ही विद्या आठव्या शतकात समरकंदला आणि तिथून बगदादला गेली. दिल्लीत आणि गुजरातेत कागद तुघलकाच्या आधीपासून वापरात होता. गुजरातच्या जैन भांडारांत त्याआधीच्या कागदी पोथ्या आहेत. पण दख्खनपुरतं बोलायचं तर या वस्तीचं मोल पहिलं-दुसरं ठरवण्यात नाहीच. तिने इथल्या लिहिण्याला पाया दिला.

याचा पुरावा भाषेत सापडतो. ‘पान’ हा शब्द आपला, झाडाच्या पानावरून आलेला, कारण आधी पोथ्या ताडपत्रांवर होत. पण कागद, कलम, शाई, दौत, दप्तर, लिफाफा हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले. चिटणीस आणि फडणीस यांच्या शेपटाचा ‘नीस’ही फारसी ‘नवीस’चा, म्हणजे लिहिणारा. लिहिण्याच्या कामाची जवळजवळ सगळी हत्यारं मराठीत परक्या नावाने आली आणि घरची झाली.

चिंध्यांपासून घोटीव कागदापर्यंत

हा कागद झाडाच्या लाकडापासून होत नव्हता. जुने दोर, गोणपाट, ताग-अंबाडीचे अवशेष, फाटक्या कपड्यांच्या चिंध्या, असं टाकाऊ सामान गोळा करायचं. ते बारीक तोडून चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं. मग पायाने दाबून उचलायच्या जड लाकडी हातोड्याखाली कुटायचं, वाहत्या पाण्यात धुवायचं, पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, पुन्हा धुणं. दिवसच्या दिवस हे चाले. धाग्याचा धागा सुटून लोण्यासारखा लगदा झाला की तो पाण्याने भरलेल्या हौदात सोडायचा. म्हणूनच कागद्यांची वस्ती नेहमी पाण्याच्या कडेला. कागझीपुऱ्याजवळही तलाव आहे.

खरी कसोटी हौदावर. लाकडी चौकटीवर गवताच्या बारीक काड्यांची चटई ताणून कारागीर हौदाच्या काठावर बसतो. चौकट पाण्यात तिरपी बुडवतो, आडवी करून वर उचलतो आणि वर येता येता एकदा पुढेमागे, एकदा डावीउजवीकडे हलवतो. एवढ्या दोन हिसक्यांत धागे एकमेकांत विणले जातात. हात जरा अडखळला तर कागद एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ. पाणी निथळलं की चटई उलटी करून ओला ताव खालच्या तावावर अलगद टाकायचा. शेकडो ताव रचले की वर वजन ठेवून पाणी काढायचं आणि एकेक ताव सोलून चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर चिकटवायचा. वाळला की तो आपोआप सुटतो.

इतकं करूनही त्यावर लिहिता येत नाही. शाई टिपकागदावर फुटावी तशी फुटते. म्हणून दोन्ही बाजूंनी तांदळाची किंवा गव्हाची खळ लावायची, पुन्हा वाळवायचं, आणि मग लाकडी फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटायचं. हाच तो घोटीव कागद. बोरूची लेखणी त्यावरून अडखळत नाही. उंची तावांवर सोन्याचा वर्ख शिंपडत, त्याला अफशानी म्हणत. तो सनदा आणि शाही पत्रांसाठी.

हा कागद टिकतो का, याचं उत्तर त्याच्या घडणीतच आहे. दोर आणि चिंध्यांचे धागे लांब असतात, आणि प्रक्रियेत वापरलेला चुना कागदात थोडा उरतो, तो आम्ल वाढू देत नाही. नंतरच्या काळातला गिरणीतला लाकडी लगद्याचा कागद शंभर वर्षांत तपकिरी होऊन हातात तुटतो, आणि त्याच्या दुप्पट वयाचा मोडी रुमाल सोडला तर आतला कागद अजून वळतो. त्याचा शत्रू एकच: खळीच्या वासाने येणारी कसर आणि वाळवी.

जिथे कागद हवा होता तिथे पितळ वापरलं

तुघलकाच्या आयुष्यातला सर्वात गाजलेला फसलेला प्रयोगही कागदाशी नातं सांगतो. चीनमध्ये कुबलाईखानाच्या राज्यात कागदी चलन चालत होतं. १२९४ मध्ये इराणच्या मंगोल राजाने, गैखातूने, त्याची नक्कल करून तबरीझमध्ये कागदी नोटा काढल्या. बाजार बंद पडले आणि थोड्याच दिवसांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. या गोष्टी दिल्लीत ठाऊक असणारच.

१३२९ च्या सुमारास तुघलकाने तांबं-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या किमतीने घ्यावीत असा हुकूम केला. वस्तूची किंमत तिच्या धातूत नसून राजाच्या शब्दात असते, ही कल्पना काळाच्या फार पुढची होती. आज खिशातली प्रत्येक नोट त्याच तत्त्वावर चालते. पण नोट चालते ती नक्कल करणं अवघड असतं म्हणून. चिनी नोटांचा कागद विशिष्ट सालीचा, शिक्के अनेक, नक्कल करणाऱ्याला देहदंड. तुघलकाची पितळी नाणी मात्र कुठलाही तांबट घरी पाडू शकत होता. घरोघरी टांकसाळी उघडल्या, असं बरनी चिडून लिहितो. लोक सारा खोट्या नाण्यांत भरू लागले, परदेशी व्यापारी ती घेईनात.

दोन-तीन वर्षांत सुलतानाने माघार घेतली, आणि घेतली तीही त्याच्याच पद्धतीने. नाणी आणा आणि बदल्यात सोनं-चांदी घेऊन जा. खरीखोटी कशी ओळखणार? तुघलकाबादेत परत आलेल्या नाण्यांचे ढीग लागले आणि खजिना रिता झाला. शब्दाला जागणारा राजा म्हणून हे मोठेपण मानायचं की हिशेबातला अडाणीपणा, यावर आजही दोन मतं निघू शकतात. झळ मात्र शेतकऱ्यांपर्यंत पोचली. गंगा-यमुनेच्या दुआबात वाढवलेला सारा आणि पाठोपाठचा दुष्काळ यांनी गावं उठली.

बीडचा दात आणि ठट्ट्याचा ताप

१३३५ च्या सुमारास दूर दक्षिणेत माबारच्या सुभेदाराने बंड केलं. सुलतान तिकडे निघाला, पण वरंगळला फौजेत साथ पसरली. माणसं पटापट मेली, तो स्वतःही आजारी पडला आणि मागे फिरला. या परतीच्या वाटेवर बीडजवळ त्याचा एक दात पडला. तो थाटाने पुरला आणि त्यावर घुमट बांधला. ती वास्तू अजून बीड जिल्ह्यात आहे. मराठवाड्यात या सुलतानाच्या नावाचं थडगं आहे ते त्याच्या दाताचं!

याच सुमारास दौलताबादेत आणलेल्या लोकांना दिल्लीला परतायची मुभा मिळाली. पुष्कळ गेले, पण सगळे नाही. आठ-दहा वर्षांत कुणाची लग्नं झाली होती, कुणाची मुलं इथे जन्मली होती, कुणाचे गुरू खुलताबादच्या मातीत होते. कारागिराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. हौद बांधलेला, भिंती चुन्याने लिंपलेल्या, गिऱ्हाईक ठरलेलं. हे उचलून नेता येत नाही.

१३४२ मध्ये इब्न बतूता सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला आणि दौलताबादवरून गेला. त्याने पाहिलेलं शहर ओसाड नव्हतं. बाजार होते, द्राक्षं आणि डाळिंबं होती, आणि किल्ल्याच्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर होते. म्हणजे राजधानी गेली तरी शहर चालू होतं.

सुलतानाचं राज्य मात्र विरत चाललं. १३४७ मध्ये दौलताबादेतल्याच सरदारांनी उठाव केला आणि हसन गंगूला गादीवर बसवलं. बहमनी राज्याची सुरुवात झाली. ज्या शहरातून दख्खन ताब्यात ठेवायचा बेत होता, त्याच शहरातून दख्खन हातची गेली. तुघलक तेव्हा गुजरातेत एका दुसऱ्या बंडखोरामागे, तघीमागे, धावत होता. त्याचा पाठलाग करत तो सिंधमध्ये पोचला आणि मार्च १३५१ मध्ये ठट्ट्याजवळ तापाने मेला. तघी त्याच्या हाती लागलाच नाही.

त्याची बदनामी टिकली ती दोन माणसांच्या लिखाणामुळे. बरनी सतरा वर्षं त्याच्या पदरी होता, पण मालक मेल्यावर त्याला दरबारातून बाहेर काढलं गेलं आणि हलाखीत त्याने आपला इतिहास लिहिला. इब्न बतूताला सुलतानाने काझी केलं, कर्ज फेडून दिलं आणि एकदा मृत्यूच्या दाराशीही नेलं. दोघांनीही सुलतान मेल्यावर किंवा आपण हजारो कोस लांब गेल्यावर लिहिलं. १९६४ मध्ये गिरीश कर्नाडांनी ‘तुघलक’ हे नाटक लिहिलं तेव्हाही त्यांच्यासमोर प्रामुख्याने बरनीचाच तुघलक होता.

कागझींचं पुढे काय झालं

दौलताबाद बहमनींकडून निजामशाहीकडे, मग मोगलांकडे आणि शेवटी हैदराबादच्या निजामाकडे गेलं. राज्य कुणाचंही असो, दप्तर लागत होतंच. ‘दौलताबादी’ हे कागदाचं नाव झालं. मराठी मुलखात जुन्नर आणि एरंडोल इथेही कागद होऊ लागला. पेशवाईत पुण्याला मागणी वाढली तेव्हा नदीकाठी कागद्यांची वस्ती झाली. कसब्यातलं कागदीपुरा हे नाव तिचंच.

मोडला तो गिरणीने. एकोणिसाव्या शतकात विलायती कागद स्वस्तात येऊ लागला, इंग्रजांच्या तुरुंगांत कैद्यांकडून कागद करवून घेतला जाऊ लागला, आणि १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्यालाच कागदाची गिरणी उभी राहिली. कागद्यांची पोरं दुसऱ्या कामाला लागली. निजामाच्या राज्यात हा बदल जरा हळू आला, एवढंच.

१९३४ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्यात हातकागदही होता. संघाचे कार्यकर्ते के. बी. जोशी यांनी उरल्यासुरल्या कागद्यांची पद्धत समजून घेऊन तिच्यात सुधारणा केल्या, आणि १९४० मध्ये पुण्याला हातकागद संस्था उभी राहिली. भारतीय संविधानाच्या हस्तलिखित हिंदी प्रतीसाठी वापरलेला कागद पुण्यातल्या याच केंद्राचा.

आज हातकागदाच्या कारखान्यात पायाचा हातोडा नाही. होजिअरीच्या कारखान्यांतली सुती कात्रणं यंत्रात फिरवून लगदा करतात, दाबायला स्क्रूचा किंवा हायड्रॉलिक दाबयंत्र असतं. जलरंगाचे ताव, लग्नपत्रिका, डायऱ्या, पिशव्या आणि जुन्या पोथ्या दुरुस्त करायला लागणारा पातळ कागद, ही त्याची आजची गिऱ्हाइकं. झाड तोडावं लागत नाही ही जमेची बाजू. पाणी भरपूर लागतं आणि हात भरपूर लागतात, ही अडचणीची. मराठवाड्यात या दोन्ही गोष्टी मिळणं किती कठीण आहे, ते कुणालाही सांगायला नको.

कागझीपुऱ्यात हे काम करणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. वेरूळला जाणाऱ्या गाड्या गावाजवळून निघून जातात. कुणी थांबलंच तर त्याला हौद दाखवतात, चौकट पाण्यात बुडवून वर काढून दाखवतात. एकदा पुढेमागे, एकदा डावीउजवीकडे, आणि पाणी निथळायला लागतं.